वेताळ म्हणजे व्हॅम्पायर नव्हे



आजचा विषय ऐकून काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठी उमटली असेल. मोबाइलवर बोटाने सरकवत वाचायची वेबचित्रकथा, तीत शहरात वावरणारे व्हॅम्पायर, आणि त्यावर साहित्याच्या व्यासपीठावरून बोलायचे! पण आपले विद्यार्थी हे वाचतात, आणि काही जण स्वतः काढूही लागले आहेत. वाचन बहुधा इंग्रजीत होते. मराठीत लिहायला बसले की पहिल्याच फुग्यात अडतात : या जिवाला म्हणायचे काय?

एक उदाहरण घेऊ. ‘ऑरेंज मार्मलेड’ ही कोरियन वेबचित्रकथा २०११ मध्ये सुरू झाली. २०१५ मध्ये तिच्यावर दूरचित्रवाणी मालिकाही आली. तिच्यातल्या व्हॅम्पायरांनी माणसाचे रक्त केव्हाच सोडले आहे. ते डुकराच्या रक्तावर भागवतात. तरी माणसे त्यांना जवळ करत नाहीत. नायिका शाळकरी मुलगी आहे आणि बिंग फुटू नये म्हणून ती वर्गात सगळ्यांपासून लांब राहते. वाचकाला तिची भीती वाटत नाही, तिच्यासाठी वाटते.

ही कल्पना जुनी आहे. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ १८९७ ची. तिच्यातला काउंट लंडनला जाण्याआधी इंग्रजी पुस्तके वाचतो आणि पाहुण्या हार्करशी बोलून आपले उच्चार सुधारू पाहतो. तोंड उघडताच आपण परके ठरू नये, ही त्याची चिंता. बेळगावात, इंदुरात, बडोद्यात राहणाऱ्या मराठी माणसाला ती समजावून सांगायला नको. शिवाय त्याला आपल्या भूमीची माती लागते. तिच्या ५० पेट्या तो जहाजाने बरोबर नेतो. शत्रू त्या पेट्या शोधून निकामी करत जातात, तसा त्याचा आसरा आटत जातो. कथानकाला गती मिळते ती या एका नियमामुळे. ऊन लागताच मरण येण्याचा नियम मात्र त्या कादंबरीत नाही. तो १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटापासून रूढ झाला. प्रत्येक काळाने आपल्या गरजेप्रमाणे नियम घडवले आहेत.

आता शब्दाकडे येऊ. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाच्या नावातच वेताळाला ‘व्हॅम्पायर’ केले. पण पंचविशीतला वेताळ राजाच्या गळ्याला दात लावत नाही. तो प्रेतात शिरतो, झाडाला लटकतो, गोष्ट सांगतो आणि प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होणार. बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. म्हणजे हा जीव बोलण्याच्या नियमाने बांधलेला आहे. गोव्यात तर तो देव आहे, गावाचा राखणदार आहे. आमोण्याला, लोलयेला त्याची स्थाने आहेत. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, अशी श्रद्धा. म्हणून काही ठिकाणी त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात.

तेव्हा व्हॅम्पायर दाखवायचा असेल तर खुशाल ‘व्हॅम्पायर’ लिहावे. तो शब्द मराठी वाचकाला कळतो. वेताळ आणायचा असेल तर त्याचा नियमही आणावा. गावाची सीमा नगरपालिकेत विरून गेली, तर राखणदार कोणत्या वाटेने फिरेल? त्याच्या वहाणा झिजतील का? मुंज झालेला, पण सोडमुंजीआधी गेलेला मुलगा म्हणजे मुंजा, त्याचे घर पिंपळावर. रस्तारुंदीत पिंपळ गेला तर तो कुठे जाईल? धन राखत बसलेला समंध वाडा पाडणाऱ्या बिल्डरशी काय बोलेल? शहरातली अद्भुतकथा या प्रश्नांतून सुरू होते. हे प्रश्न विचारायला कोरियाला किंवा लंडनला जावे लागत नाही.

शेवटी भाषेबद्दल. फुग्यात मोजकेच शब्द मावतात. त्यांतून बोलणारा कोण, कुठला, कोणत्या काळातला, हे कळले पाहिजे. पिंपळावरच्या मुंजाची मराठी शंभर वर्षांपूर्वीची असेल. त्याला भेटणारी मुलगी घरी कोंकणी बोलत असेल आणि मराठी शाळेत शिकली असेल. त्या दोघांनी पुस्तकी प्रमाण मराठीत एकसारखे बोलायचे ठरवले, तर चित्रे कितीही सुरेख असोत, दोघेही खोटे वाटतील. शिक्षकांना माझी विनंती आहे, की अशी वही हातात आली तर लाल पेन जरा बाजूला ठेवा. शुद्धलेखन नंतरही पाहता येईल. आधी विचारा, “तुझा हा जीव कोणत्या नियमाने बांधलेला आहे, आणि बोलतो कुणासारखा?” या दोन प्रश्नांची उत्तरे मुलाला मराठीत सापडली, तर पुढचे पान तो मराठीतच लिहील. नाही सापडली, तर तो इंग्रजीकडे वळेल, आणि आपला मुंजा, आपला वेताळ यांना बोलायला नव्या पिढीत कुणी उरणार नाही.