लय जुळली, आता सूर जुळवा



डीजे एका ट्रॅकमधून दुसऱ्यात अलगद जातो.
कसा?
आधी लय जुळवून, मग सूर.

टेक हाउस या नृत्यसंगीताच्या प्रकारात मिनिटाला साधारण १२५ ठोके पडतात.
दुसरा ट्रॅक संथ असेल, तर टेम्पो फेडरने वेग वाढवा.
पण वेग वाढला, की सूरही चढतो.
म्हणून सूर जागच्या जागी ठेवणारं की लॉक सुरू ठेवा.

आता सूर.
पहिला ट्रॅक ए मायनरमध्ये आहे?
मग दुसरा ई मायनर किंवा डी मायनरमधला घ्या.
त्यांचे बहुतेक स्वर सारखेच असतात.

दोन बेस मात्र एकत्र वाजवू नका.
एकाचा उतरवा,
त्याच क्षणी दुसऱ्याचा चढवा.

सॉफ्टवेअर सूर ओळखतं, पण कधीकधी चुकतं.
माझा भरवसा कानावरच.

लय आधी, मग सूर.
आज हेडफोन लावून दोन ट्रॅक जुळवून बघा.