नाशिकहून फ्रीअर टाऊनला
(मंडळाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सिएरा लिओनची राजधानी कोणती, असे परीक्षेत विचारले तर आपले विद्यार्थी 'फ्रीटाऊन' लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतील. एक गुण मिळेल. परंतु हे मुक्तांचे शहर वसविले कोणी? अमेरिकेतील गुलामीतून सुटून नोव्हा स्कोशियात गेलेले सुमारे १,२०० कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष १७९२ साली जहाजांनी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरले, त्यांनी. जमीन मिळेल आणि तिच्यावर खंड नसेल, असा त्यांचा समज करून देण्यात आला होता. पुढे कंपनीने खंड लावलाच. १८०० साली बंड झाले, ते मोडण्यात आले. हद्दपार झालेल्यांत हॅरी वॉशिंग्टन होता. साक्षात जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या मळ्यावरून पळालेला गुलाम! कसतो त्याच्या हाती पट्टा नसला की काय होते, हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

हे फार दूरचे वाटत असेल तर नाशिकला येऊ. नाशिक म्हटले की आम्हाला २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह आठवतो. त्याच नाशिकजवळ १८५४ साली ख्रिस्ती मिशनऱ्यांनी शरणपूर ही वसाहत उभारली. इंग्रजी आरमार समुद्रात गुलामांची गलबते पकडी आणि सोडविलेल्या आफ्रिकी लोकांना मुंबईला उतरवी. त्यांतली काही मुले शरणपूरला येत. लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकत. जेकब वेनराईट त्यांपैकीच. १८७३ साली डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा तेथील झाडावर त्यांचे नाव कोरले ते नाशिकला शिकलेल्या या तरुणाने.

त्याच १८७३ साली झांझिबारचा गुलामबाजार बंद करण्याचा तह झाला आणि त्याच साली इकडे जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले, अमेरिकेतील गुलाम मुक्त करणाऱ्यांना अर्पण केलेले. तहाची बोलणी करण्यास मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर गेले होते. पुढे १८७४-७५ च्या सुमारास शरणपूरची मंडळी मोम्बासाजवळ नव्या वसाहतीत नेण्यात आली. तिचे नाव फ्रीअर टाऊन. उच्चार फ्रीटाऊनसारखा, पण नाव गव्हर्नरसाहेबांचे! ज्यांनी विटा रचल्या त्यांचे नाव गावाला लागत नाही, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

तेथे एक घंटा होती. गुलाम पकडणारे आले की ती वाजे आणि वसाहत सावध होई. म्हणजे मुक्त झाल्यावरही रात्रीची झोप मुक्त नव्हती.

आम्हाला सर्वांत मोठा वाटतो तो विल्यम जोन्स. तोही नाशिकला शिकलेला. १८८५ साली त्याला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. मोम्बासाजवळच्या राबाई येथे तो प्रमुख असताना मालकांकडून पळालेले गुलाम शेकड्यांनी आश्रयाला येऊ लागले. मालक हक्क सांगू लागले. शेवटी ब्रिटिश कंपनीने पैसे मोजून १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे १,४०० जणांना मुक्ततेचे दाखले दिले. पैसे कोणाला मिळाले? मालकांना. ज्यांनी आयुष्यभर राबून दिले, त्यांच्या हाती फक्त कागद आला. पण तो कागद यायला वेळ मिळाला, कारण स्वतः सुटलेल्या माणसांनी मागून आलेल्यांसाठी दार उघडे ठेवले होते.

नाशिकला आजही शरणपूर रोड आहे. मोम्बासात त्या घंटेवरून 'केंगेलेनी' हे ठिकाणाचे नाव पडले, ते अजून चालते. विद्यार्थी मित्रहो, नाशिकला जाल तेव्हा काळाराम मंदिर पाहून शरणपूरलाही चक्कर टाका.