हिरव्या मातीवरचा स्वतःचा चेहरा

चित्रशाळेंत शिकणाऱ्याला आरशासमोर बसवून स्वतःचेंच चित्र रंगवावयास लावण्याची वहिवाट जुनी आहे. हा नमुना पैसे मागत नाहीं आणि चित्रकार उठेपर्यंत उठत नाहीं. मात्र चित्रकाराची त्याच्यावर ममता असते, आणि जुनी इटालियन पद्धत हाताळतांना ही ममताच आडवी येते.

ती पद्धत चेन्निनो चेन्निनी या चित्रकारानें इ. स. १४०० च्या सुमारास आपल्या ग्रंथांत लिहून ठेविली. त्याची गुरुपरंपरा आन्योलो गाद्दी व त्याचा पिता ताद्देओ यांच्यावाटे थेट जोत्तोपर्यंत पोंचते. रंग तेलांत नव्हे, तर अंड्याच्या बलकांत कालवावयाचे. श्रोत्यांपैकीं कोणी नाक मुरडूं नये. अंडें येथें फळीवर जातें, पानांत नव्हे! शहरी कोंबडीचा फिकट बलक तरुण चेहऱ्यांना आणि खेड्यांतील कोंबडीचा तांबूस बलक वृद्ध व सांवळ्या चेहऱ्यांना योग्य, इतकी बारीक सूचनाही त्यानें दिली आहे.

पण या पद्धतीचें मर्म कातडीच्या रंगाखालीं आहे. सरस व जिप्सम यांचे लेप देऊन गुळगुळीत केलेल्या फळीवर आकृति रेखाटून झाली, कीं चेहऱ्यावर पांढऱ्यांत मिसळलेल्या हिरव्या मातीचा रंग दोन वेळां द्यावयाचा. मग सावल्या गडद करावयाच्या, गालांवर व ओठांवर गुलाबी छटा ठेवावयाची, आणि शेवटीं अंगवर्णाच्या गडद, मध्यम व फिकट अशा तीन छटा बारीक कुंचल्यानें रेघेशेजारीं रेघ ओढून भरावयाच्या. बलकांतला रंग पाहतां पाहतां वाळतो. तेलरंगासारखा तो फळीवर घोळवीत बसतां येत नाहीं. तांबडा व हिरवा हे परस्परविरोधी रंग. त्यामुळें पातळ गुलाबी थराखालून डोकावणारा हिरवा रंग मधल्या सावल्यांना शांत, करडी झांक देतो. खऱ्या कातडीवर डोळ्यांखालीं व जबड्याच्या कडेला अशीच झांक दिसते.

विद्यार्थी घाबरतो तो मध्येंच. हिरवा थर देऊन झाला कीं त्याचा स्वतःचा चेहरा प्रेतासारखा दिसूं लागतो. ही अतिशयोक्ति नव्हे. मृत मनुष्य रंगवितांना गुलाबी रंग मुळींच लावूं नये, असें चेन्निनीनेंच सांगितलें आहे. मग विद्यार्थी घाईघाईनें गुलाबी रंगाचे थरावर थर चढवितो, हिरवी माती गाडून टाकतो, आणि चेहरा रंगविलेल्या बाहुलीसारखा होतो. अंगवर्णाखालून हिरवा रंग किंचित् दिसत राहिलाच पाहिजे, असा ग्रंथकाराचा कटाक्ष आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरींत मायकेलॅंजेलोचें 'मँचेस्टर मॅडोना' हें अपुरें चित्र आहे. त्यांतील डावीकडच्या देवदूतांच्या अंगावर हा हिरवा थर उघडाच राहिला आहे. घाबरलेल्या विद्यार्थ्यानें त्याची छापील प्रत जवळ ठेवावी.

ग्रंथांतील अंगवर्ण मुख्यतः गोऱ्या चेहऱ्यांचे. सांवळ्या विद्यार्थ्यानें ते तसेच उचलले, तर आरशांत एक मनुष्य आणि फळीवर दुसराच! कृति ठेवावी, प्रमाण बदलावें. पांढरा कमी, गेरू, पिवळी माती व तपकिरी रंग अधिक. पांढरा म्हणून त्या काळीं शिशाचा सफेता वापरीत. तो विषारी असल्यानें आज टिटॅनियमचा पांढरा घ्यावा. सांवळ्या वर्णाखालींही हिरवी माती आपलें काम करते, फक्त ती आधींच थोडी गडद घ्यावी लागते. किती गडद, हें आरशालाच विचारावें. आणि आरशाची जागा व उजेडाची खिडकी काम संपेपर्यंत बदलूं नये.