नांगीची कुळकथा

भाईंदरच्या पश्चिमेस, डोंगरी-उत्तनच्या किनारपट्टीत तारोडी गाव आहे. समुद्राच्या शेजारामुळे या बाजूच्या स्वयंपाकघरांत कोळंबी सोलणे हे नित्याचे काम. आणि ते करताना बोटात काटा कोठे रुततो, हे गृहिणींस सांगावयास नको. एक काटा डोळ्यांच्या मध्ये पुढे आलेला, करवतीसारखा दातेरी. दुसरा शेपटीच्या पंख्यात मधोमध दडलेला, सुईसारखा. हा दुसरा काटा दिसावयास क्षुद्र खरा, परंतु त्याचे कुळ फार जुने. प्राणिशास्त्रज्ञ त्यास टेल्सन म्हणतात. संधिपाद प्राण्यांचे शरीर मण्यांच्या माळेप्रमाणे खंडाखंडांचे असते; टेल्सन हा त्या माळेचा शेवटचा तुकडा. मौज अशी की, शास्त्रज्ञ त्याची गणना खंडांत करीतच नाहीत.

या तुकड्याचे जुने नमुने महाराष्ट्रात शोधण्यात अर्थ नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले, आणि आपला काळा पाषाण त्यातून झाला. त्याहून कितीतरी जुन्या, परदेशांतील खडकांत मात्र ‘समुद्री विंचू’ सापडतात. हे प्राणी सुमारे 46 कोटी वर्षांपूर्वीपासून 25 कोटी वर्षांपूर्वीपर्यंत पाण्यात वावरले. जर्मनीत मिळालेल्या एकाच्या चिमट्याची लांबी 46 सेंटिमीटर भरली. त्यावरून तो प्राणी सुमारे अडीच मीटर लांब असावा, असे 2007 साली अनुमान निघाले. यांतील कित्येकांची शेपटी कट्यारीसारखी निमुळती होती. तिच्यात विषाची पिशवी असल्याचा पुरावा मात्र मिळालेला नाही.

तशीच निर्विष सुई आजही पाहावयाची असल्यास ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर जावे. तेथील नालखेकडा नावाचाच खेकडा. त्याचे नाते कोळी व विंचू यांच्याशी अधिक जवळचे. लाटेने तो उताणा पडला की लांब शेपूट वाळूत रोवून तिच्या आधाराने पालथा होतो. सुईचा इतका सात्त्विक उपयोग दुसऱ्या कोणी केला नसेल!

विंचवाने मात्र निराळाच मार्ग धरिला. त्याचे सर्वांत जुने अवशेष सुमारे 43 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्याच्या शेवटच्या तुकड्याचा फुगा झाला, फुग्यात विषाच्या दोन ग्रंथी आल्या आणि वाकड्या काट्याच्या अग्राजवळ दोन सूक्ष्म छिद्रे पडली. स्नायूंनी ग्रंथी दाबल्या की विष बाहेर येते. डॉक्टरांची पिचकारी ती हीच! मराठीत खेकड्याचा चिमटाही नांगी आणि विंचवाचा काटाही नांगीच. पण दोहोंच्या करणीत केवढे अंतर!

कोकणातील लाल विंचू आकाराने लहान, परंतु त्याच्या दंशाने कित्येक मुले दगावत. 1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. दंश झालेल्यास दरदरून घाम सुटे, हातपाय गार पडत, मग फुप्फुसांत पाणी भरून श्वास कोंडे. रात्रंदिवस रुग्णांच्या उशाशी बसून केलेल्या निरीक्षणांतून त्यांच्या ध्यानात आले की, विषाने मज्जातंतू खवळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि सारा भार हृदयावर पडतो. तेव्हा वेदनेवर औषध देऊन भागणार नव्हते; आवळलेल्या वाहिन्या सैल करावयास हव्या होत्या. रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध त्यांनी याकरिता योजिले, आणि 1986 साली तो अनुभव ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पूर्वी गंभीर दंशाच्या रुग्णांपैकी शेकडा 25 ते 30 दगावत. पुढे हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. पुढे विंचवाच्या विषावरील प्रतिविषही मिळू लागले. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी महाड येथे 70 रुग्णांवर दोन्ही उपचारांची तुलना केली. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, प्राझोसिनच्या जोडीस प्रतिविष दिलेले रुग्ण अधिक लवकर बरे झाल्याचे दिसले. मात्र प्राझोसिन ही पोटात घ्यावयाची साधी गोळी. ती खेड्यातल्या दवाखान्यातही ठेविता येते.