परतीचा प्रवास



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे झाले. युनियनच्या कचेरीत आणि गावोगावच्या वाचनालयांत त्याहून अधिक झाले. तेव्हा मोठा सिद्धान्त मांडण्याचे धाडस मी करीत नाही. एका जोडप्याचा बोटीचा प्रवास आणि त्यांचे घरी परतणे, एवढाच माझा आजचा विषय आहे.

हे जोडपे म्हणजे डॉ. आनंदीबाई आणि गोपाळराव जोशी. त्यांची कथा कादंबरीत आली, चित्रपटात आली. तीतला जाण्याचा भाग आपल्याला पाठ आहे. ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांची ही मुलगी काही अमेरिकन बायांच्या सोबतीने कलकत्त्याहून बोटीत बसली. पोस्टात नोकरीस असलेले गोपाळराव मागे राहिले, ते पुढे अमेरिकेस पोचले. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाने आनंदीबाईंना पदवी दिली. येथे आपण टाळ्या वाजवतो आणि पुस्तक मिटतो. मला मात्र पुढची पाने अधिक महत्त्वाची वाटतात.

१८८६ च्या ऑक्टोबरात दोघांनी न्यूयॉर्क सोडले आणि इंग्लंडमार्गे नोव्हेंबरात ती मुंबईस उतरली. जाताना बाई नवऱ्यावाचून गेली होती, येताना जोडीने आली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची जागा तिच्यासाठी ठरलेली होती. बाहेरून पाहणाऱ्याला याहून सुखाचे परतणे कोणते वाटेल? पण बाई क्षयाने पोखरली होती. कोल्हापूरच्या कामावर ती रुजू झालीच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचे देहावसान झाले. बावीस वर्षे पुरी व्हायला महिना उरला होता. तिची रक्षा अमेरिकेत तिला मुलीप्रमाणे सांभाळणाऱ्या कार्पेंटर बाईंकडे गेली आणि तिकडेच पोकीप्सी गावच्या दफनभूमीत ठेवली गेली.

मुंबईस उतरल्यापासून साडेतीन महिनेसुद्धा तिला मिळाले नाहीत. असे का व्हावे? निघतानाच प्रकृती नाजूक होती. तिकडची थंडी, शाकाहाराचा निर्धार, अभ्यासाचा भार, हे सगळे तिने सोसले. गोपाळरावांचा स्वभाव हट्टी आणि करडा. त्यांच्यावाचून ती शिकली नसती हेही तितकेच खरे, म्हणून त्यांच्यावर खटला भरायला मी आलेलो नाही. माझे म्हणणे एवढेच की पदवीचा हिशेब सर्वांनी ठेवला, ती मिळवताना शरीर किती खर्ची पडले याचा हिशेब कोणी वेळेवर मांडला नाही. बोट किनाऱ्याला लागली म्हणजे प्रवास संपला, असे आपण धरून चालतो.

तुम्ही म्हणाल, युनियनच्या माणसाला हे आज का आठवले? सांगतो. आनंदीबाई परदेशी शिकत होत्या त्याच सुमारास नीरा डावा कालवा आपल्या भागात पाणी घेऊन आला. त्या पाण्यावर बारामती-इंदापूरचा ऊस वाढला. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे कारखाने उभे राहिले. तो ऊस तोडायला दरसाल दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर भागांतून जोडपी येतात. ती बोटीने येत नाहीत, ट्रक-ट्रॅक्टरने येतात. पण पाच-सहा महिने घराला कुलूप असते आणि संसार कोपीत असतो. नवरा-बायको मिळून हिशेबात 'एक कोयता' धरतात. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. पट्टा पडला की मुकादम सांगतो, टन किती झाले, उचल किती फिटली आणि अंगावर किती राहिली.

एका हंगामाअखेर इंदापूर तालुक्यातल्या एका तळावर मी गेलो होतो. सामान भरणे चालले होते. एक बाई कमरेला हात लावून गाडीच्या सावलीत बसली होती. मी विचारले, "काय ताई, निघालात का घरी?" ती म्हणाली, "निघालोत की भाऊ. ह्यांचा हिसाब झालाय. माजं दुखणं घरी गेल्यावर बघू."

बाईच्या अंगावर जे राहिले ते मुकादमाच्या वहीत नव्हते. २०१९ साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. एक दिवस काम चुकले तर खाडा धरला जातो, म्हणून दुखणे अंगावर काढायचे आणि शेवटी शस्त्रक्रियेला कबूल व्हायचे, ही तिच्यामागची एक वाट आहे.

मी मागतो ते फार नाही. हजेरीवर नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव लागावे आणि तिच्या कामाचा पैसा तिच्या हाती पडावा. हंगाम सुरू होताना एकदा आणि गाड्या परतण्यापूर्वी एकदा प्रत्येक बाईची स्त्री-डॉक्टरकडून तपासणी व्हावी. दुखणे निघाले तर ज्या हंगामात ते जडले, त्या हंगामाच्या हिशेबात त्याचा खर्च धरावा. हे काम कारखान्याचे आहे, सरकारचे आहे, आमच्या युनियनचेही आहे. आणि आम्ही ते पुरेसे केलेले नाही, हे मी येथे कबूल करतो. पण गावातल्या डॉक्टरांनी आणि महिला मंडळांनी वर्षातून दोन दिवस तळावर यायचे ठरवले, तर त्यासाठी कोणाच्या हुकुमाची वाट पाहावी लागत नाही.

आपल्या बायांना दुखणे सांगायला बाईमाणूस डॉक्टर हवी, म्हणून मी परदेशी जाते, असे आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत आपल्या लोकांना सांगितले होते. ते श्रीरामपूर बंगालमधले. ज्यांच्यासाठी ती गेली त्या बाया आज आपल्या गावाच्या शिवारात उतरतात. पुढच्या दिवाळीला त्या पुन्हा येतील. त्या परत जातील तेव्हा त्यांचे दुखणे विचारायला आपल्यापैकी कोणीतरी तळावर असावे, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.