हुसकावणीचा कागद, हक्काची साक्ष

तोरणमाळच्या आदिवासी कुटुंबाला वनजमिनीवरून हुसकावण्यासाठी पूर्वी झालेला न्यायालयीन निकाल आज त्याच कुटुंबाच्या कामी येऊ शकतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत असे अभिलेख पुरावा म्हणून ग्राह्य आहेत. मात्र ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असावा.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या प्रकरणांचा शोध धुळ्यातही घ्यावा; हे ध्यानी न धरल्यास हेलपाटे पडतात, आणि सातपुड्यातून धुळे काही जवळ नाही! निकालाची प्रत न्यायालयाच्या नक्कल शाखेत अर्ज करून मिळते. वन व महसूल कार्यालयांतील कागद माहितीच्या अधिकारात मागावेत : अर्जास १० रुपये, प्रतिपृष्ठ २ रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना शुल्क नाही. शिक्षकांनी तो अर्ज लिहून द्यावा.