संशोधनाचें मोल आणि उल्लेखांची मोजदाद

नाशिक शहराच्या उत्तरेस, दिंडोरीच्या वाटेवर, म्हसरूळ येथें महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचें आवार आहे. १९९८ सालीं स्थापन झालेल्या या विद्यापीठाकडे सबंध महाराष्ट्रांतील वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, परिचर्या इत्यादि शाखांच्या परीक्षा सोंपविलेल्या आहेत. एम. डी. किंवा एम. एस. होऊं पाहणाऱ्या प्रत्येक डॉक्टरास प्रबंध लिहावा लागतो. लिहिणारा, मार्गदर्शक आणि परीक्षक यांच्यापलीकडे त्या प्रबंधांतील किती वाचले जातात, हा प्रश्न थोडा अप्रिय आहे. परंतु तो विचारल्यावांचून गत्यंतर नाहीं.

२००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशांतील ५७९ वैद्यकीय संस्थांनीं किती संशोधन प्रसिद्ध केलें, याची पाहणी २०१६ सालीं छापून आली. वर्षाकांठीं शंभरांहून अधिक लेख देणाऱ्या संस्था अवघ्या २५ निघाल्या, आणि ३३२ संस्थांच्या नांवावर एकहि लेख सांपडला नाहीं. दुसरीकडे, २०१५ सालीं भारतीय वैद्यक परिषदेनें अध्यापकांच्या बढतीसाठीं प्रसिद्ध लेख कोणते धरावे, हें ठरवून दिलें व पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय देऊं केलें. नियम पुढें बदलले. पण लेखणीचा संबंध एकदां पगाराशीं जुळला कीं लेखांची संख्या वाढते. ज्ञान त्याच मानानें वाढतेंच असें नाहीं.

केवळ संख्या पुरेशी नाहीं, म्हणून उल्लेख मोजण्याची युक्ति निघाली. एका लेखाचा आधार दुसऱ्या किती लेखकांनीं घेतला, याची सूचि यूजीन गारफील्ड या अमेरिकन गृहस्थानें १९६४ पासून नियमितपणें छापण्यास आरंभ केला. २००५ सालीं हिर्श नांवाच्या पदार्थवैज्ञानिकानें एक आंकडा सुचविला. ज्याच्या दहा लेखांचा प्रत्येकीं निदान दहादां उल्लेख झाला, त्याचा अंक दहा. हिशेब सुटसुटीत खरा, परंतु त्यांत एक गोम आहे. एखाद्यानें आयुष्यांत एकच लेख लिहिला व त्याचा तीनशें वेळां आधार घेतला गेला, तरी त्याचा अंक एकच राहतो!

या मोजमापाची परीक्षा पाहावयाची तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचें उदाहरण घ्यावें. जालना जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांतील हा डॉक्टर १९७६ सालीं महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाला. कोंकणांत लाल विंचवाच्या दंशानें माणसें, विशेषतः मुलें, दगावत. या विषानें शरीरांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर असह्य ताण पडतो आणि शेवटीं फुफ्फुसांत पाणी भरतें. घाम, ओकारी, थंडगार हातपाय हीं पूर्वचिन्हें त्यांनीं रोग्यांच्या उशाशीं बसून टिपलीं. तीं निरीक्षणें १९८२ सालीं लंडनच्या ‘लॅन्सेट’ या मान्यवर नियतकालिकांत प्रसिद्ध झालीं. ना प्रयोगशाळा, ना सहकाऱ्यांचा ताफा! १९८६ सालीं त्याच नियतकालिकांत त्यांनीं पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासमवेत रक्तदाबावरील प्रॅझोसिन हें औषध या दंशावर गुणकारी ठरतें, असें दाखविलें. पूर्वीं अशा गंभीर रोग्यांत शेंकडा पंचवीस ते तीस दगावत. पुढें तें प्रमाण एकावर आल्याची नोंद त्यांनीं केली आहे.

आतां हृदयविकारावर किंवा कर्करोगावर लिहिणाऱ्याशीं त्यांच्या उल्लेखांची तुलना केली तर काय होईल? त्या रोगांवर जगभर असंख्य संशोधक लिहितात व परस्परांचे दाखले देतात. विंचू मात्र भाताच्या पेंढ्यांत हात घालणाऱ्यास चावतो, आणि त्याच्यावर लिहिणारे मोजकेच. ज्या आरोग्य केंद्रांतील डॉक्टरानें मध्यरात्रीं ती गोळी देऊन मूल वांचविलें, तो लेख लिहीत नाहीं. म्हणून त्याच्या कृतज्ञतेची नोंद कोणत्याहि सूचींत होत नाहीं. २०२२ सालीं शासनानें बावस्करांना पद्मश्री दिली, तीहि बऱ्याच उशिरानें.

त्यांच्या लेखनांतील एक गोष्ट मात्र आंकड्यांपेक्षां निराळ्या कारणानें लक्षांत राहते. प्रॅझोसिन हें त्यांचें नांव झालें होतें. तरीहि विंचवाच्या विषावरील प्रतिविष मिळूं लागल्यावर त्यांनीं महाडच्या आपल्या रुग्णालयांत ७० रोग्यांवर तौलनिक प्रयोग केला. निम्म्यांना केवळ प्रॅझोसिन, निम्म्यांना प्रॅझोसिन व प्रतिविष. दहा तासांनंतर दोन्ही औषधें मिळालेल्या ३५ पैकीं ३२ जण लक्षणमुक्त झाले होते. नुसत्या प्रॅझोसिनवर ३५ पैकीं ८ च. आपलेंच औषध एकटें अपुरें पडतें, हा निष्कर्ष त्यांनीं २०११ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें स्वतःच्या नांवानें छापला.